‘रँक किती?’ : उच्च तंत्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थिजीवन आणि अभ्यासाचे दडपण

(विद्यार्थी आघाडीवर काम करणाऱ्या पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

पावसाळ्याच्या दिवसांत पवईच्या तंत्रशास्त्र संस्थेत, आयआयटीत, नवे विद्यार्थी दाखल होतात. वसतिगृहाच्या खोलीत सामान ठेवण्यापूर्वीच शेजारचा मुलगा नव्या मुलाला नाव विचारतो, गाव विचारतो आणि तिसरा प्रश्न टाकतो : ‘रँक किती?’ वरकरणी हा प्रश्न निरुपद्रवी आहे. परंतु प्रवेशपरीक्षेतील क्रमांकावरून आलेला मुलगा सर्वसाधारण यादीतला की राखीव यादीतला, हे तत्काळ कळते. जात विचारण्याची ती सुशिक्षितांची रीत होय. या संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या कक्षाने २०२२ च्या फेब्रुवारीत पाहणी केली. तीत ३८८ विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनी सांगितले की, जातीचा अंदाज घेण्यासाठी सहाध्यायी त्यांना क्रमांक विचारतात.

पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, या संस्थेत पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या चौकशी समितीने जातीय भेदभावाचा पुरावा आढळला नाही असा निष्कर्ष काढला. कुटुंबीयांनी तो मान्य केला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने लेखी सूचना काढली : कोणी कोणाला प्रवेशपरीक्षेतील क्रमांक अथवा गुण विचारू नयेत.

ही सूचना योग्यच होती. तथापि विद्यार्थ्याच्या तोंडी हा प्रश्न आला कोठून, याचा विचार तिच्यात नाही. संस्थेच्या दारात, वर्गात, परीक्षेत आणि अखेर नोकरीच्या मुलाखतीत संस्थाच त्याला हा प्रश्न विचारत असते. म्हणून अभ्यासाचे दडपण ही काही दुबळ्या मनांची व्याधी नव्हे. हे दडपण कसे निर्माण होते, त्याचा भार कोणावर अधिक पडतो आणि चळवळीचे त्या बाबतीत कर्तव्य काय, हा आजचा विषय आहे.

या संस्था कोणाच्या?

पहिली तंत्रशास्त्र संस्था १९५१ साली खड्गपूर येथे निघाली. ती भरली हिजलीच्या बंदिवासाच्या छावणीत. याच छावणीत १६ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी राजबंद्यांवर गोळीबार केला आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे हुतात्मा झाले. तुरुंगाची विद्यालये करण्याचे स्वप्न ज्या पिढीने पाहिले, त्या पिढीच्या रक्तावर ही संस्था उभी आहे.

मुंबईची संस्था १९५८ साली सुरू झाली. पवईला इमारती नव्हत्या, म्हणून पहिले १०० विद्यार्थी वरळीला, कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत शिकू लागले. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने या संस्थेला यंत्रसामग्री दिली, ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पाठविले, आणि भारतीय अध्यापकांना सोव्हिएत संघात प्रशिक्षणासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्या काळात भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता. स्वावलंबी औद्योगिक भारताला अभियंते हवेत, हा या साऱ्यामागचा हेतू होता. खर्च जनतेच्या करांतून झाला.

मात्र ज्यांच्या करांतून हा खर्च झाला, त्यांची मुले दीर्घकाळ या दारांबाहेरच राहिली. अनुसूचित जाती-जमातींसाठी येथे जागा राखून ठेवण्यास १९७३ साल उजाडावे लागले. इतर मागास वर्गांसाठी ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००८ च्या निर्णयानंतरच अमलात येऊ लागली. ज्या वर्गांनी पहिली काही दशके या संस्था आपल्याच समजल्या, त्यांनी स्वतःच्या पूर्वतयारीला ‘गुणवत्ता’ हे नाव दिले आणि नंतर आलेल्यांच्या उपस्थितीला ‘सवलत’. हा शब्दप्रयोग आजही वसतिगृहांच्या व्हरांड्यांत ऐकू येतो.

दाराशीच गाळणी

या संस्था आता २३ आहेत. २०२४ साली त्यांत पदवीच्या १७,७४० जागा होत्या. त्यांच्या वाटेवरील पहिली परीक्षा त्या वर्षी १४ लाखांहून अधिक मुलांनी दिली. म्हणजे जवळजवळ ऐंशी मुलांमागे एक जागा. इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठीही ही परीक्षा होते, हे खरे. पण प्रत्येक घराची नजर कोणत्या जागेवर असते, हे सांगावयास नको. पहिली परीक्षा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत देता येते; दुसरी, निर्णायक परीक्षा मात्र केवळ इंग्रजी आणि हिंदीत होते.

जेथे जागा अल्प आणि भीती मोठी, तेथे व्यापारी पोहोचतोच. राजस्थानातील कोटा हे एके काळी कारखान्यांचे शहर होते. तेथील जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यातील एक अभियंता, व्ही. के. बन्सल, १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घरी मुलांना गणित शिकवू लागले. त्यातून शिकवण्यांचा उद्योग वाढत गेला. १९९७ साली कारखाना बंद पडला. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि थकलेल्या देण्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. शहर मात्र जगले, ते बाहेरगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या खोलीभाड्यावर, खानावळीवर आणि शिकवणीच्या शुल्कावर. जेथे धागा निघत होता, तेथे आता क्रमांक निघतात. महाराष्ट्रात लातूरने हाच मार्ग धरला. दोन वर्षे मुलगा सणावाराला घरी येत नाही, खेळत नाही, वर्तमानपत्र वाचत नाही. बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो आणि मुलाला ते ठाऊक असते. या भांडवलावर तो संस्थेच्या दारात उभा राहतो.

दडपणाचे यंत्र

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. दहावीपर्यंत त्याचे शिक्षण मराठीत झाले. निकालानंतर गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, फलक लावला. दोन महिन्यांनी सत्राच्या मध्याची परीक्षा होते आणि तालुक्यात पहिला आलेला हा मुलगा वर्गात तळाशी असतो. अध्यापकाच्या इंग्रजीतला विनोद वर्गाला कळतो, त्याला कळत नाही. शंका त्याच्याकडे पुष्कळ आहेत, पण ती विचारण्यासाठी लागणारे वाक्य मनात जुळेपर्यंत फळा पुसला गेलेला असतो. रात्री घरून फोन येतो. तो म्हणतो, ‘बरं चाललंय.’ त्या दिवसापासून त्याचा एकांतवास सुरू होतो.

एका सत्रात पाच-सहा विषय, प्रयोगशाळा, लहान चाचण्या, मध्याची आणि अखेरची परीक्षा. काम कष्टाचे आहे आणि ते असावेच. पूल बांधणाऱ्याचे गणित चुकता कामा नये. कष्टाला कामगारवर्ग कधी भ्यालेला नाही. प्रश्न कष्टाचा नाही. त्या कष्टाचे मोजमाप कसे होते, हा प्रश्न आहे. अनेक विषयांत श्रेणी सापेक्ष असते. शंभरांपैकी साठ गुण म्हणजे उत्तम की वाईट, हे विद्यार्थ्याला किती समजले यावर ठरत नाही. इतरांना किती गुण मिळाले यावर ठरते. त्या सगळ्या श्रेणींची मिळून संचित सरासरी निघते. पवईचे विद्यार्थी तिला ‘सीपीआय’ म्हणतात. या आद्याक्षरांनी पक्षसभासदांनी गोंधळून जाऊ नये! या सरासरीशी त्यांच्या पक्षाचा संबंध नाही. संबंध आहे तो विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीशी आणि नोकरीच्या मुलाखतीशी.

या पद्धतीत शेजाऱ्याला गणित समजावून सांगणे म्हणजे स्वतःची श्रेणी धोक्यात घालणे ठरते. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात नगामागे मिळणाऱ्या मजुरीचे विवेचन करताना मार्क्सने दाखवून दिले आहे की, या पद्धतीत कामगारच कामगाराशी स्पर्धा करू लागतो. एखाद्याची मिळकत वाढते खरी, पण त्या ओघात सर्वांचीच सरासरी मजुरी खाली येते आणि देखरेखीचे काम मालकाऐवजी कामगार स्वतःच स्वतःवर करू लागतो. गिरणीकामगाराला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. जास्त माग सांभाळण्याच्या सक्तीने ते त्याला शिकविले. विद्यार्थ्याला मात्र हे कोणी सांगत नाही. त्याला वाटते, दोष आपल्याच बुद्धीत आहे.

जो मागे पडतो त्याचे काय होते? २०१५ च्या जुलैमध्ये रुरकीच्या संस्थेने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना सरासरी कमी पडली म्हणून एकदम काढून टाकले. पालक दाराशी बसून राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर संस्थेने त्यांना आणखी एक संधी दिली. संधी देणे शक्य होते, तर ती आरंभीच का दिली नाही, याचे उत्तर कोणी दिले नाही. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्यापूर्वीच्या पाच वर्षांत इतर मागास वर्गांतील २,०६६, अनुसूचित जातींतील १,०६८ आणि अनुसूचित जमातींतील ४०८ विद्यार्थ्यांनी तंत्रशास्त्र संस्था अर्ध्यावर सोडल्या. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात आणि ते स्वेच्छेने दुसरीकडे जातात, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. गहाण जमिनीवर शिकणाऱ्या मुलाची ‘स्वेच्छा’ म्हणजे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

ऋणाचा भार

२०१३ साली या संस्थांचे पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क ५० हजारांवरून ९० हजार रुपये झाले आणि २०१६ साली ते दोन लाख रुपये झाले. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि एक लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना ते माफ आहे. एक ते पाच लाख उत्पन्न असलेल्यांना दोनतृतीयांश सूट आहे. ही सूट चळवळीच्या आणि जनमताच्या दबावाशिवाय टिकणार नाही. २०१७ साली सरकारने उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र वित्तसंस्था काढली. इमारतींसाठी अनुदानाऐवजी कर्ज देण्याचा तो प्रघात आहे. संस्थेने कर्ज घ्यायचे म्हणजे ते फेडण्यासाठी तिचे लक्ष विद्यार्थ्याच्या खिशाकडे वळणार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पवईच्या विद्यार्थ्यांनी शुल्कवाढीविरुद्ध आंदोलन केले, ते याच पार्श्वभूमीवर.

ज्याने कर्ज काढले त्याला आवडीचा विषय निवडता येत नाही. जास्त पगाराची नोकरी देणारा विषय निवडावा लागतो. पोलादाचा अभियंता व्हायला आलेला मुलगा एखाद्या परदेशी वित्तसंस्थेचे हिशेब करण्याची तयारी करू लागतो. आणि तीही नोकरी मिळाली नाही तर? चार वर्षे ज्याला फक्त क्रमांकाने ओळखले, त्याला क्रमांकाबाहेर आपण कोण आहोत हेच ठाऊक नसते.

मृत्यूंविषयी बोलताना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आणि २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२१ साली यांत सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातले होते. हे सर्व उच्च शिक्षणसंस्थांतील नव्हेत. शाळकरी मुलेही त्यांत आहेत. अशा मृत्यूमागे एकच कारण क्वचित असते. आजारपण, एकटेपण, अपमान, कर्ज, अपयश यांची गुंतागुंत असते. म्हणून कोणत्याही मृत्यूला घाईने घोषणेचे रूप देऊ नये आणि त्याला शौर्याचे वलय तर कदापि देऊ नये. जिवंत विद्यार्थ्याला वाचविणे हे निषेधसभेपेक्षा मोठे काम आहे.

तथापि ‘वैयक्तिक कारण’ म्हणून फाइल मिटविणाऱ्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसंबंधी अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगळे पाडले जाते आणि अध्यापकांचे साहाय्य मिळत नाही, असे तिला आढळले. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाचा आणि २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीचा मृत्यू झाला. या दोघांच्या माता २०१९ साली एकत्रितपणे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक आंध्रातील, एक खानदेशातील. दोघींनी दुःखाचे निवेदन न करता नियमांची मागणी केली. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील दोन विद्यार्थ्यांच्या पालकांच्या अर्जावर निर्णय देताना, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या आणि आत्महत्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यदल नेमले. कायद्याचे दार थोडे किलकिले झाले आहे, ते पालकांच्या चिकाटीमुळे.

चळवळीचे आत्मपरीक्षण

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. रोहित वेमुला प्रारंभी डाव्या विद्यार्थी संघटनेत होता. नंतर तो तेथून आंबेडकरी विद्यार्थी संघटनेत गेला. एक बुद्धिमान, लढाऊ, गरीब तरुण डाव्यांपासून दूर का गेला, याचे उत्तर विरोधकांच्या कारस्थानात शोधून चालणार नाही. जातीचा प्रश्न वर्गप्रश्नात आपोआप मिटेल, असे सांगून त्याच्या रोजच्या अपमानाला दुय्यम लेखले गेले काय, हे प्रत्येक शाखेने प्रामाणिकपणे तपासावे.

दुसरी चूक अधिक साधी आहे. ‘अभ्यास आणि संघर्ष’ ही विद्यार्थी चळवळीची जुनी घोषणा. व्यवहारात संघर्षाचा कार्यक्रम छापून निघतो आणि अभ्यास ज्याचा त्याच्यावर सोडला जातो. परीक्षेच्या आठवड्यात बैठक लागते. गरीब घरचा कार्यकर्ता नकार देत नाही, कारण संघटनेतच त्याला प्रथम माणूस म्हणून मान मिळालेला असतो. सत्राअखेर तो दोन विषयांत नापास होतो, आणि कोणी विचारायलाही जात नाही. सुखवस्तू घरच्या कार्यकर्त्याचे वर्ष वाया गेले तर घर त्याला सावरते; दुसऱ्याचे वर्ष वाया गेले तर तो गावी परततो. संघटनेने कार्यकर्त्याचे शिक्षण खर्ची घालणे हाही एक प्रकारचा उधळेपणा आहे.

मार्ग कोणता?

१९१९ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, सोव्हिएत रशियात ‘राबफाक’ म्हणजे कामगारांचे विद्याविभाग सुरू झाले. ज्यांना शाळा मिळाली नव्हती अशा कामगार-शेतकऱ्यांना विद्यापीठासाठी तयार करणे हे त्यांचे काम. तयारी कमी आहे, तर तयारी करून देणे ही समाजाची जबाबदारी, हा त्यामागचा विचार. भारतातील तंत्रशास्त्र संस्थांतही राखीव जागांवरील काही विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे. तरतूद चांगली आहे. पण तिच्यातून येणाऱ्याकडे बोट दाखविले जाते. सोव्हिएत संघ १९९१ साली लयाला गेला, त्याच्या चुकांची चर्चा होत राहील. पण हा विचार जुना झालेला नाही.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते सिडनेहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडील कर्ज यांच्या बळावर. या कथेतून केवळ त्यांच्या अलौकिक जिद्दीचा बोध घेतला जातो. तिचा दुसरा बोध असा की, त्या काळच्या सर्वांत तल्लख विद्यार्थ्यालाही शिष्यवृत्तीवाचून अभ्यास थांबवावा लागला. आज ज्याची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडते, त्याने आंबेडकर व्हावे ही अपेक्षा क्रूर आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, ही मागणी न्याय्य आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. शुल्क परवडणारे असावे आणि संस्थांना कर्ज नव्हे, अनुदान मिळावे. शिष्यवृत्ती ठरल्या तारखेस मिळावी. भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कक्षांत विद्यार्थ्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. कायम नेमणुकीचे, विद्यार्थ्यांच्या भाषा जाणणारे समुपदेशक असावेत. मागे पडलेल्यास काढून टाकण्यापूर्वी शिकविण्याचे बंधन संस्थेवर असावे.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत बसून राहण्याचे कारण नाही. पक्षसभासदांना आजच करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. प्रत्येक संस्थेतील शाखेने परीक्षांचे वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि त्या काळात बैठका घेऊ नयेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी रात्रीचे अभ्यासगट चालवावेत आणि विषय मराठी, तेलुगू, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत समजावून द्यावेत. सापेक्ष श्रेणीला याहून सडेतोड उत्तर नाही. नापास झालेल्याच्या खोलीवर त्याच संध्याकाळी कोणीतरी जावे, आणि अर्ज, अपील, कचेरी यांत त्याच्या सोबत राहावे. ज्याचे मन फार खचले आहे त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरकडे न्यावे. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहात लिहिलेला असावा.

आणि हे काम फक्त विद्यार्थ्यांचे नाही. हैदराबाद, इंदूर, भिलाई, खड्गपूर, कानपूर, दिल्ली, जेथे मराठी मुलगा शिकावयास गेला आहे, तेथे एखादा मराठी पक्षसभासद, एखादे कामगाराचे घर सापडतेच. त्या घराचे दार उघडे असावे. दिवाळीला गावी जाण्याचे भाडे ज्याच्यापाशी नाही, त्याला त्या घरात फराळ मिळावा आणि कोणीही त्याची सरासरी विचारू नये. इकडे तालुक्यातील सभासदाने त्याच्या आईवडिलांना भेटून सांगावे की, पहिल्या सत्रात गुण कमी पडणे ही नामुष्की नव्हे. पोराने खरे सांगितले तर रागावू नका. ‘बरं चाललंय’ या दोन शब्दांमागे काय दडले आहे, हे ओळखणारा एक माणूस जरी दोन्ही टोकांना असला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

कॉम्रेड्स, हिजलीच्या छावणीत राजबंदी एकमेकांना क्रमांकाने हाक मारत नसत. क्रमांक हा तुरुंगाधिकाऱ्यांचा शब्द होता. येत्या पावसाळ्यात नवा मुलगा वसतिगृहात पाऊल टाकील, तेव्हा संघटनेच्या कार्यकर्त्याने त्याच्या हातातले सामान घ्यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच्या दारावर टकटक करावी. तेव्हा विचारण्याचा प्रश्न एकच आहे : ‘कोणता विषय अडलाय? चल, बसू या.’